सार्वजनिक मालमत्ता आणि नागपूरची आखणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीत आयुष्यभर नकाशे काढले. निवृत्तीनंतर आमच्या लेआउटच्या, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीच्या, नागरिक मंडळाचा पत्रव्यवहार गळ्यात पडला. कुठे बाक मोडला, फुटपाथ खचला किंवा मैदानात मलबा पडला की फोन येतो आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवतो. प्रश्नांची भाषा विचारणाऱ्यांचीच आहे.

१. सार्वजनिक मालमत्ता म्हणजे सरकारी ऑफिसं आणि बसगाड्या, एवढंच ना?

तेवढंच नाही. फुटपाथ, दुभाजक, रस्त्यावरचे दिवे, नालीवरची फरशी, गडर लाइनच्या चेंबरचं झाकण, बसथांबा, बागेतला झोका, तलावाचा काठ, रस्त्याकडेचा कडुनिंब हे सगळं त्यात येतं. बहुतेकांना माहीत नसतं की आपल्या लेआउटमधली मोकळी जागा आणि आतले रस्तेही सगळ्यांचेच असतात. राज्यघटनेच्या कलम ५१-क मध्ये सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने ते घटनेत आलं.

२. भाऊ, हा तर सरळसरळ संस्काराचा प्रश्न आहे. लोकच घाणेरडे, त्यात नगररचना काय करणार?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. यावर मी लोकांना मेट्रोच्या जिन्याखाली अर्धा तास उभं राहायला सांगतो. मी स्वतः उभा राहिलो होतो. तिशीतला एक माणूस, गालात खर्रा. जिना चढण्याआधी पिलरच्या बुंध्याशी थुंकला, खर्र्याची पन्नी घडी करून खिशात घातली आणि वर गेला. मलाही तिकडेच जायचं होतं, म्हणून मागे मागे गेलो. सीताबर्डीपर्यंत पन्नी खिशातच होती. इंटरचेंजवरून उतरून रस्त्यावर आला, चार पावलं चालला आणि पन्नी खाली टाकली. माणूस तोच आणि संस्कारही तेच. बदलली ती जागा.

वर स्टेशनात आत यायची दारं ठरावीक असतात. उजेड भरपूर असतो, अंधारा कोपरा नसतो. गणवेशातलं कुणीतरी सतत दिसतं आणि डाग पडला की तासाभरात पुसला जातो. शिवाय तिकीट काढून आत आलेला माणूस जरा पाहुण्यासारखा वागतो. खाली पिलरच्या आजूबाजूची पट्टी मात्र रस्त्यातही नाही आणि फुटपाथातही नाही. तिथे ऑटो लागतात, पोस्टर चिकटतात, सकाळी कुणी हातगाडी बांधून ठेवतं.

संस्कार मी नाकारत नाही. पण तीस लाखांच्या आसपास लोकवस्तीला संस्कार लावायला किती पिढ्या लागतील ते सांगा. दिवा लावायला एक निविदा पुरते.

३. जागेमुळे वागणं बदलतं याला काही पुरावा आहे का, की आपल्याच गप्पा?

आहे. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरातला एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. टपालपेटीतून अर्धवट बाहेर आलेलं पाकीट ठेवलं होतं आणि त्यात पाच युरोची नोट दिसत होती. पेटी आणि परिसर स्वच्छ असताना १३ टक्के लोकांनी पाकीट लंपास केलं. पेटीवर रंगाने गिरगटलेलं असताना २७ टक्क्यांनी, आणि आजूबाजूला कचरा असताना २५ टक्क्यांनी. म्हणजे नुसत्या रेघोट्या पाहून चोरी करणारे दुप्पट झाले.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या प्रुइट-आयगो वसाहतीचं. १९५० च्या दशकात तिथे अकरा मजल्यांच्या ३३ इमारती बांधल्या. पैसे वाचवायला लिफ्ट प्रत्येक मजल्यावर न थांबता मधले मजले सोडून थांबायची. वीस वर्षांच्या आत, १९७२ पासून, त्या पाडायला लागल्या, इतकी मोडतोड झाली होती. वास्तुविशारद ऑस्कर न्यूमन यांना तिथे दिसलं की दोन कुटुंबांचा मिळून जो जिन्यापुढचा चौक होता तो नीट राखलेला होता, वीस कुटुंबांच्या मिळून असलेल्या मार्गिकेची दैना होती, आणि दीडशे कुटुंबांच्या लिफ्टची व तळमजल्याची तर वाटच लागली होती. समोरच कमी उंचीची जुनी वसाहत होती. तशीच माणसं राहायची, आणि ती बरी चालली होती.

एक सांगून ठेवतो. प्रुइट-आयगोत गरिबी होती, देखभालीला पैसा नव्हता आणि शहरातली वस्तीच घटत होती. एकट्या नकाशाने ती पडली असं म्हणणं खोटं होईल. ‘घाण दिसली की गुन्हे वाढतात’ या सूत्रावर पुढे पोलिसांनी गरीब वस्त्यांत जी दांडगाई केली, तिचं समर्थनही मी करत नाही.

४. आमच्या रस्त्याचं काम नासुप्र करते की मनपा? दोघंही एकमेकांकडे पाठवतात.

या प्रश्नात नागपूरचा अर्धा इतिहास आहे. नगरपालिका १८६४ ची, तिची महापालिका झाली १९५१ मध्ये. मधल्या काळात, १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र) आलं. तेव्हापासून एका शहरात दोन घरमालक. प्रन्यासने लेआउट पाडायचे, प्लॉट द्यायचे, विकास शुल्क घ्यायचं आणि पुढे रस्ते-बागा मनपाकडे हस्तांतरित करायच्या, अशी साधारण रीत. हे हस्तांतर जितकं रखडतं तितका काळ जागा बेवारस राहते. मध्ये प्रन्यास बरखास्त करायचं ठरलं, नंतर ते पुन्हा उभं राहिलं. तोवर फायली कुठल्या कपाटात होत्या कोण जाणे!

त्यात ‘५७२’ आणि ‘१९००’ या आकड्यांनीच ओळखल्या जाणाऱ्या अनधिकृत लेआउटची भर. आधी शेतात प्लॉट पडले, लोकांनी घरं बांधली आणि नियमितीकरण मागून आलं. नागपुरात प्लॉट घेताना भावाच्या आधी ‘आरएल (नियमितीकरणाचं पत्र) आहे का?’ असं विचारतात ते यामुळेच. अशा ठिकाणी रस्ता, नाली, दिवा यातलं काहीच वेळेवर आलं नाही. लोकांनी वर्गणीतून मुरूम टाकला, आपापल्या दारापुढे पाहिजे तसा उतार केला, नालीवर फरशी टाकली. पंधरा वर्षं स्वतः राखलेली ती पट्टी त्यांना आपलीच वाटते. मग यंत्रणा येते आणि म्हणते, हे अतिक्रमण. कायद्याने ते बरोबरच असतं, पण समोरचा का चिडतो तेही समजून घ्या.

आता कामाचं. लेआउटच्या मंजूर नकाशाची प्रत मिळवा आणि ती जागा हस्तांतरित झाली का, कधी झाली, हे माहिती अधिकारात विचारा. फोनवर विचारून काही उपयोग होत नाही.

५. आमच्या लेआउटच्या मैदानाचं उकिरडं झालं. पलीकडच्या लेआउटचं मैदान काहून चांगलं आहे? तिथले लोक काय जास्त शिकलेले आहेत?

अशी दोन मैदानं माझ्या रोजच्या फिरण्याच्या वाटेवर आहेत, मध्ये फक्त एक नाला. दोन्हीकडे शिक्षक, बँकवाले, निवृत्त मंडळी.

चांगल्या मैदानाच्या तिन्ही बाजूंना रस्ता आहे आणि रस्त्यापलीकडे घरांची दारं. सकाळी सहाला अंगणात सडा घालणारी बाई मान वर करते तेव्हा समोर मैदानच दिसतं. कोपऱ्यावर पानठेला आहे, तो रात्री अकरापर्यंत उघडा. संध्याकाळी पोरांचं क्रिकेट सुरू असताना ग्रीन जिमच्या यंत्राला कुणी उगाच लटकलं, तर ‘ए, कोणाचा रे तू?’ असा आवाज कुठून तरी येतोच. तिथलं एक यंत्र मोडलं होतं. समोरच्या घरातल्या काकांनी गॅरेजवाल्याला बोलावून वेल्डिंग करून घेतलं, दोनशे रुपये खिशातले घातले.

दुसऱ्या मैदानाला चहूबाजूंनी घरांच्या पाठी आहेत. मागच्या कंपाउंडच्या भिंती, त्यावर काचेचे तुकडे. आत जायला एकच आठ फुटांचा बोळ आणि एका टोकाला नाल्याचा काठ. तिथे काय चाललंय ते कुणाच्याच खिडकीतून दिसत नाही. पहिल्यांदा एका घराचा बांधकामाचा मलबा पडला. तो महिनाभर उचलला गेला नाही, मग दुसरा पडला. आता मेलेलं कुत्रंही तिथेच जातं.

नियम दोन्हीकडे एकच होता. राज्याच्या आजच्या एकत्रित बांधकाम नियमावलीतही ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेत लेआउट पाडला तर दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. जुन्या लेआउटवाल्यांनी मात्र ती दहा टक्के कुठे सोडायची ते हिशेबाने ठरवलं. जिथे प्लॉट बसत नाही, तो नाल्याकाठचा तिरपा त्रिकोणी तुकडा मोकळी जागा म्हणून दाखवला. कागदावर क्षेत्रफळ भरलं, मैदान मात्र तिथे कधी झालंच नाही.

तुमचं मैदान दुसऱ्या प्रकारचं असेल तर सुरक्षा भिंतीची मागणी करू नका. भिंतीने ते आणखी झाकलं जाईल. बोळ रुंद करून मागा, आरपार दुसरी वाट मागा, जाळीचं कुंपण आणि दिवा मागा. मागच्या भिंतीत एक फाटक काढायला दोन घरं तयार झाली तरी पुष्कळ फरक पडतो.

६. मैदानात मंदिर किंवा समाजभवन बांधलं तर जागा आपोआप राखली जाईल ना?

राखली जाईल, पण मग ते मैदान उरणार नाही. आधी झाडाभोवती ओटा, मग मूर्ती, मग टिनाचं शेड, मग कुलूप. सार्वजनिक जागेवर नवीन अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा आदेश आहे. नागपुरात अशी बांधकामं हटवण्याची पाळी आली तेव्हा काय वातावरण होतं ते सगळ्यांना आठवत असेल. ओटा घालणाऱ्याची माया खरी असते. ती दिवा, नळ आणि बाकांकडे वळवा.

७. फुटपाथ असून लोक रस्त्यावरून चालतात. मग फुटपाथ बांधायचे कशाला?

पासष्टीच्या पुढच्या माणसाला सोबत घेऊन अर्धा किलोमीटर फुटपाथवरून चालून पाहा. मी आईला घेऊन गेलो होतो. पहिली पायरी गुडघ्याएवढी. वीस पावलांवर एका बंगल्याच्या गेटचा उतार, म्हणून उतरा. पुन्हा चढा, तर पुढे विजेच्या डीपीचा डबा. त्याला वळसा घातला की झाडाचं आळं, मग बाजूला सरकलेली फरशी. चौथ्या वेळी आई म्हणाली, ‘मी खालूनच चालते बाप्पा.’

इंडियन रोड काँग्रेसच्या शिफारशीत फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि चालायला किमान १.८ मीटर अडथळ्याविना जागा हवी, असं म्हटलं आहे. जिथे कुणी चालत नाही ती पट्टी रिकामी राहत नाही. तिच्यावर गाड्या लागतात, दुकानाचे बोर्ड येतात, आणि मग ती मोडली तरी कुणाला वाईट वाटत नाही. फेरीवाल्यांबद्दल प्रश्न ९ पाहा.

८. दुभाजक तोडून वाट करणाऱ्यांना तुम्ही काय म्हणाल? यात तरी लोकांचीच चूक आहे ना?

आहे. रात्री सब्बल घेऊन दुभाजक फोडणारा माणूस गुन्हाच करतो. अशा फटीतून अचानक निघालेली दुचाकी किती धोक्याची, हे वेगळं सांगायला नको.

तरी फट कुठे पडते तेवढं पाहा. एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला वस्ती आणि अधिकृत कट दोन्हीकडे लांब, अशाच ठिकाणी ती पडते. आधी पायी जाणाऱ्यापुरती, पावसाळ्यात दुचाकीएवढी, दिवाळीपर्यंत हातगाडी जाईल एवढी. शेतातली पायवाट जशी माणसांच्या पायांनी ठरते तसंच हे. रोज दोनशे लोक जिथून ओलांडतात तिथे नीट क्रॉसिंग आणि मध्ये थांबायला जागा दिली तर फट पाडायची गरज राहत नाही. वेगाच्या रस्त्यावर ते शक्य नसेल तर उंच जाळी लावा, पण मग पादचारी पुलाचा जिना शाळेच्या दारातच उतरला पाहिजे. चौथ्यांदा सिमेंट भरणं हा उपाय नाही. काही फटी मात्र निव्वळ एखाद्या दुकानाच्या गिऱ्हाइकीसाठी पाडलेल्या असतात. तिथे सरळ तक्रार करा (प्रश्न १४).

९. सीताबर्डीत फुटपाथ फेरीवाल्यांनी खाल्ला. हे सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान धरायचं नाही का?

कायदा याकडे उपजीविका म्हणून पाहतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार आधी नगर पथविक्रेता समिती, मग तिने करायचं सर्वेक्षण, मग विक्रीच्या जागा ठरवणं, असा क्रम आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्रेत्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत हुसकावता येत नाही. चालणाऱ्यांचा हक्कही तितकाच खरा, म्हणून जागा आखून देणं हाच मार्ग. प्रश्न ५ मधला पानठेलाही आठवा. ज्याचा धंदा एका जागेवर चालतो, तो तिथे सहसा घाण होऊ देत नाही, निदान स्वतःच्या चार फुटांत तरी. मात्र रोज पथक येऊन उठवणार असेल, तर तो सामान गुंडाळून पळायच्या तयारीत राहील. झाडू कशाला मारेल?

१०. सिमेंट रोड उंच झाला, आमचं घर दीड फूट खाली गेलं. पावसाचं पाणी घरात येतं. मी रोडची कड फोडून पाणी काढलं, तर मी गुन्हेगार का?

राग रास्त आहे, तरी उत्तर हो असंच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या मालमत्तेचं नुकसान करण्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही सांगितलं आहे. शिवाय तुम्ही सोडलेलं पाणी शेजाऱ्याकडे जातं आणि भांडण गल्लीत राहतं.

जुना थर न खरवडता त्यावर नवा थर घातला की रस्ता घरांपेक्षा वर जातो, आणि पावसाळी नाली नीट केली नाही तर पाणी अंगणातच येणार. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हापासून या प्रश्नाची धग वाढली आहे. पहिल्या पावसात पाणी येत असतानाचा व्हिडिओ घ्या. उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंतची उंची टेप लावून मोजा आणि दहा घरांच्या सह्यांनिशी झोन कार्यालयात द्या. काम सुरू व्हायच्या आधी पातळी विचारली तर सगळ्यात उत्तम. नंतर कुणी रस्ता उकरून खाली नेत नाही.

११. चुकीच्या प्रकल्पाविरुद्ध लोकांनी तोडफोड केली तर? कधी कधी त्याशिवाय ऐकतच नाहीत.

अवघड प्रश्न. १ जुलै २०२४ ला दीक्षाभूमीवरच्या भूमिगत पार्किंगविरुद्ध आंदोलन झालं, बांधकामाची तोडफोड झाली आणि सरकारने कामाला स्थगिती दिली. लोकांना काळजी स्तूपाची होती. ज्या जागेशी एवढ्या जणांचं नातं, तिथे खोदण्याआधी त्यांना विश्वासात घेणं किती गरजेचं असतं, ते त्या दिवशी दिसलं.

कायदा मात्र हेतू पाहून सूट देत नाही. १९८४ च्या सार्वजनिक मालमत्ता हानी प्रतिबंधक कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पाणी, वीज अशा सेवांच्या मालमत्तेचं नुकसान असेल तर किमान सहा महिने. आग किंवा स्फोटकं वापरली तर एक ते दहा वर्षं. आणि खटल्यात अडकतात ती बहुधा विशीतली पोरं.

विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती घेता येतात, १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यातच ती सोय आहे. अडचण एवढीच की नोटीस छापून येते तेव्हा कुणी वाचत नाही, आणि जेसीबी आला की सगळे वाचतात.

१२. भिंतीवर देवांच्या टाइल्स लावल्या तर थुंकणं-मुतणं थांबतं का?

त्या भिंतीवर थांबतं आणि चार पावलं पुढच्या भिंतीवर सुरू होतं. मूत्रीघर लांब असेल तर दुसरं होणार काय? बाजारात आलेल्या बायकांचे तर सगळ्यात जास्त हाल, त्या दिवसभर पाणी पीत नाहीत. थुंकण्याबद्दल मात्र मी मवाळ नाही. तिथे मनपाचं उपद्रव शोध पथक आहे, त्याने दंड करावाच.

१३. आमच्या लेआउटला गेट लावून बाहेरच्यांना बंद केलं तर? आणि रस्त्याकडेला झाडं लावून कुंपण घातलं तर तेही अतिक्रमण का?

मंजूर लेआउटमधले रस्ते सार्वजनिक असतात, त्यांना कुलूप लावता येत नाही. एकाच मालकीच्या बंद संकुलातले आतले रस्ते वेगळे. पण बेसा-मनीषनगरकडे फिरलात तर दिसेल की बंद संकुलाच्या आत लॉन चकचकीत आणि कचरा त्याच भिंतीच्या बाहेरून ओळीने पडलेला. उंच भिंतीवरून कुणी पाहत नाही, म्हणजे प्रश्न ५ मधलंच दुसरं मैदान झालं ते.

झाडं खुशाल लावा. रोपाभोवती जाळी चालेल. तारेचं कुंपण घालून आत तुळस, मग स्कूटर, मग शेड असं झालं की ते अतिक्रमण. आणि झाड तुम्ही लावलेलं असलं तरी तोडायला १९७५ च्या वृक्ष कायद्यानुसार परवानगी लागते. हे ऐकून बरेच जण दुखावतात.

१४. शेवटी तक्रार करायची कुठे? करून काही होतं का?

मनपाचे दहा झोन आहेत, आपला झोन आधी ओळखा. ‘आमच्या भागात अंधार आहे’ असं लिहिलेल्या अर्जाचं काही होत नाही. पोलचा नंबर लिहा. चेंबरचं झाकण गेलं असेल तर जवळच्या घराचा नंबर आणि दिवसा काढलेला फोटो द्या, आणि तोवर तिथे लाल फडकं बांधलेली काठी रोवा. नवं झाकण लोखंडी मागू नका, भंगारात जातं. काँक्रीटचं मागा.

होतं का म्हणाल, तर आमच्या गल्लीतल्या बंद दिव्यासाठी तीन अर्ज गेले. तिसऱ्यात पोलचा नंबर होता. अकराव्या दिवशी शिडीची गाडी आली, आणि दिवा लागल्यावर खाली उभ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच त्या पोलखाली कॅरम मांडला.